साबण कारखान्यातला सॅम्पल फ्लॅट

जुन्या साबण कारखान्याचे आलिशान फ्लॅट झाले होते आणि ते विकायचं काम बोलकीकडे होतं. नाव वेगळं होतं, पण तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे, म्हणून ऑफिसात सगळे तिला बोलकीच म्हणत.

त्या दुपारी एक नवरा-बायको आले. तिने त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं. उंच खिडक्या, उघड्या विटा, खाली संगमरवर. भिंतीवर थाप मारून ती म्हणाली, कारखान्याच्या काळातल्या दोन फुटी भिंती आहेत, आत कोणी ओरडलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही. नवरा पहिल्यांदाच हसला. बायकोने हळूच विचारलं, बेडरूमला आतून कडी आहे का?

बाईच्या मनगटावरच्या बोटांच्या निळ्या खुणा बोलकीला तेव्हा दिसल्या.

नवरा बायकोच्या पाठीवर हात ठेवून तिला बेडरूममध्ये घेऊन गेला आणि त्याने दार लोटलं.

बोलकी दाराला कान लावून उभी राहिली. आतून हूं नाही की चूं नाही. शेवटी तिने दार ढकललं. त्याने बायकोचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. चवताळून नव्हे, खिळा ठोकावा तसा, मोजूनमापून. विटांवरून रक्त ओघळत होतं.

"सोडा त्यांना."

"आमच्या घरातलं आहे. तुम्ही बाहेर व्हा."

"घर अजून तुमचं झालेलं नाही."

तो वळला आणि एका ठोशात त्याने तिचं तोंड फोडलं. दोन दात जिभेवर आले. दुसरा ठोसा पडायच्या आत खिडकीत ठेवलेला फरशीचा नमुना तिच्या हाताला लागला. तिने तो त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. तो गुडघ्यांवर आला तरी तिचा हात थांबेना. पाठीत, बरगडीत, पुन्हा खांद्यावर. अखेर त्या बायकोनेच तिचा हात धरला.

"पुरे. मरेल तो."

वॉचमनने पोलीस बोलावले. हवालदाराने विचारलं, याला मारलं कोणी? बोलकी तोंड उघडायच्या आत ती बाई म्हणाली, "मी."

"खोटं आहे," बोलकी रक्त थुंकत म्हणाली. "मी मारलं. पण का मारलं, तेही लिहा."

हवालदाराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळं लिहून घेतलं.

बोलकीची नोकरी गेली. विटा घासून आठवड्याच्या आत तो फ्लॅट विकलाही गेला. बाई थोरल्या बहिणीकडे राहायला गेली. कोर्टात दोघींची गाठ पडते. पहिल्या तारखेला नवरा हात गळ्यात अडकवून आला, तेव्हा ती बोलकीच्या आडोशाला अंग चोरून बसली होती. तिसऱ्या तारखेला मात्र ती कुणालाही न विचारता पुढच्या बाकावर, अगदी त्याच्यासमोर जाऊन बसली.