केकवालीची डावी दाढ

मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला, सहसा कुणाची नजर पोहोचत नाही अशा कोपऱ्यात माझे घर आहे. मित्रांनो, पुढचे दात हसताना मिरवतात, फोटोत येतात. आम्ही दाढा मागे राहून दळण दळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिच्या तोंडात मी राहते, तिच्यावर माझा फार जीव आहे.

ती सहा वर्षांची असताना मी हिरडीतून वर आले. माझ्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडला नव्हता. मी सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवले. तिच्या आईला मी दिसले, तेव्हा ती म्हणाली, "दुधाचाच असेल. पडेल आपोआप." पण मी दुधाची नव्हते. मी जन्मभराच्या सोबतीला आले होते.

पुढे एकदा त्याच आईची दाढ काढली गेली. लहानगी बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून आईची किंकाळी आली आणि तिने दोन्ही कान घट्ट दाबून धरले. त्या दिवसापासून दातांच्या दवाखान्याचे नुसते नाव काढले तरी तिची दातखिळी बसे.

ती मोठी झाली, केक करू लागली. गल्लीतले सगळे तिला केकवालीच म्हणत. ते माझे वैभवाचे दिवस होते! ताजे बिस्कीट ती आधी माझ्यावर धरायची. ते कसे मोडते यावरून तिला भट्टीची आच कळायची. "तुझ्या बिस्किटाला तोड नाही," असे गिऱ्हाईक म्हणाले की मीही मनातल्या मनात फुलून जाई.

पण चवीचे काम म्हणजे दिवसभर गोड. आता क्रीमचे बोट, मग पाकाचा थेंब. चूळ भरायला तिला सवड नसे आणि रात्री दमून ती ब्रश न करताच आडवी होई. माझ्या खाचांत साखर साचून राही. त्या साखरेवर जंतू पोसले गेले, त्यांनी आम्ल तयार केले आणि मला हळूहळू पोखरले. एके दिवशी गार पाण्याची कळ थेट माझ्या मुळापर्यंत गेली. तिने गाल धरला.

तिचा नवरा नळ दुरुस्त करतो. तो म्हणाला, "अगं, दाखवून ये एकदा. नळ जरा ठिबकला तर मला झोपू देत नाहीस, आणि हे चालतं होय?"

"आमच्या घराण्यातच दात किडके. आईचे चाळिशीत गेले. नशिबात असेल ते होईल."

"नशिबाला दात घासायला कोण सांगणार?"

ती हसली, पण गेली नाही. दुखत असे तेव्हा भीती वाटे, आणि थांबले की म्हणे, "आता राहिलं की, कशाला जायचं?" पुढे तर दुखणे अगदीच थांबले. तिला वाटले, बरे झाले. मित्रांनो, खरे तर माझ्या आतली नस मरत होती आणि मुळाशी पू धरू लागला होता. मग हळूहळू माझ्यावर घास पडला की ठणका लागू लागला, म्हणून ती उजव्या बाजूनेच जेवू लागली. समोरून घास जायचे आणि मी रिकामी बसून राहायचे.

तिची लेक तेव्हा सात वर्षांची होती. एका सकाळी तिघे नाश्त्याला बसले होते. लेकीने मान उजवीकडे कलती केली, घास उजव्या गालात सारला आणि त्याच बाजूने चावू लागली. केकवालीने हातातला घास खाली ठेवला.

"बाळा, दुखतंय का तुला? बघू, आ कर."

"नाही गं आई, कुठे काय?"

"मग अशी एका बाजूने का खातेस?"

"आपल्याकडे असंच खातात ना? तूच तर खातेस."

नवऱ्याच्या टोमण्यापेक्षा ते तिला जास्त लागले. हात धुऊन ती म्हणाली, "चला, तिघंही जाऊ. आत्ताच."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे थंडगार हात पाहिले आणि हत्यारे बाजूला सारली. "घाबरू नका. आधी हिरडी बधिर करते. तरी दुखतंय असं वाटलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

त्यांनी आरसा तोंडाजवळ आणला मात्र, हिचा हात वर! डॉक्टरीणबाई खरेच थांबल्या. हिने दुसऱ्यांदा हात वर केला, त्या पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा हात नुसताच हलला आणि मांडीवर परतला. लहानपणी धरलेली ती भीती त्या खुर्चीत सैल पडली.

माझा एक्स-रे काढला गेला. "दाढ वाचेल," त्या म्हणाल्या. "पण रूट कॅनाल करावं लागेल, म्हणजे आतली मेलेली नस काढून मुळं साफ करून भरायची. पहिल्या कळेलाच आला असतात, तर छोट्या फिलिंगवर भागलं असतं. आणि हे घराण्याचं नाही हो, दिवसभराच्या चवीचं आहे. चव घेतली की चूळ भरत जा."

मग त्यांनी लेकीचे तोंड पाहिले. तिच्या मागच्या बाजूला माझ्यासारखीच एक नवी कोरी दाढ उगवली होती. "ही दुधाची नाही बरं का," असे सांगून त्यांनी दाढेच्या खाचांत साखर साचू नये म्हणून वर पातळ लेप चढवला. "दुखलं?" केकवालीने विचारले. लेक म्हणाली, "गुदगुल्या झाल्या!"

मित्रांनो, मी वाचले. डोक्यावर टोपी, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी बसवलेली कॅप, घालून मी पुन्हा कामाला लागले आहे. पण माझी नस गेली, ती गेलीच. आता मला गार कळत नाही, ऊन कळत नाही. आइस्क्रीम आले की शेजारच्या दाढा शहारतात, मी नुसती ऐकते. केकवाली आता काहीही दुखत नसताना दर सहा महिन्यांनी तपासून येते. हिरड्या दाखवायला आईलाही हाताला धरून नेते.

आज रात्री दात घासून झाले, की जीभ हळूच मागे न्या आणि शेवटच्या दाढेला लावून पाहा. ती गप्प असेल. आम्हा दातांना एकच भाषा येते, दुखण्याची. तुमच्या दाढेवर बोलायची वेळ येऊ देऊ नका. ती गप्प आहे, तोवरच तिला दाखवून या.