भंगारातले गणित

शनिवारी मी आमच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेतला लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक साफ केला. सोमवारी रस्त्यापलीकडची धाकट्या दिराची प्रयोगशाळा बंद पडली.

साफसफाईमागे स्वच्छतेची आवड नव्हती. दीर आमच्याकडेच काम शिकला, वेगळा झाला आणि जाताना रुग्णालयाच्या पाणी-तपासणीचे काम घेऊन गेला. “वहिनींकडचं सगळं भंगारात काढायच्या लायकीचं आहे,” असे त्याने तिथे सांगितले. ते माझ्या कानावर आले, तेव्हाच ठरवले की या संगणकावर त्याच्या हातचे काहीही ठेवायचे नाही.

सारे पुसून सिस्टीम नव्याने बसवणे सोपे होते. पण धातू मोजणारे यंत्र बनवणारी कंपनी बुडाली होती. यंत्राला संगणकाशी जोडणारा प्रोग्राम पुन्हा मिळाला नसता. म्हणून मी दुसरी वाट धरली. कोणता प्रोग्राम माणसाने मागवला आणि कोणता दुसऱ्या प्रोग्रामच्या गरजेपोटी आला, याची नोंद लिनक्स ठेवते. मूळ सांगाडा आणि यंत्राला लागणारे तेवढे वगळून बाकी सर्वांवर मी ‘कोणी न मागवलेले’ असा शिक्का मारला आणि ज्याची कोणालाच गरज नाही ते काढून टाकण्याची आज्ञा दिली. दिराने वर्षानुवर्षे भरलेले सामान, म्हणजे प्रोग्राम आणि त्यांना आधार देणाऱ्या तयार तुकड्यांच्या लायब्रऱ्या, ओळीओळीने पडद्यावरून गेले. शेवटी त्याचे जुने खातेही काढले. मला फार बरे वाटले.

“त्याला काही लागणार असेल तर?” नवऱ्याने विचारले.

“लागणारं सगळं नेलंय त्याने. रुग्णालय विसरला नाही.”

सोमवारी दुपारी दीर धापा टाकत आला.

“वहिनी, काय केलंत तुम्ही?”

“कुठे?”

“तुमच्या संगणकावर!”

“माझ्या संगणकावर काय झालं, ते तुला पलीकडे कसं कळलं?”

नवऱ्याने हातातली नमुन्याची बाटली खाली ठेवली.

“अरे, बोल की. का वकील बोलावू?”

“दादा, तू मध्ये पडू नकोस.” मग त्याचा आवाज उतरला. “माझा मोजणीचा प्रोग्राम जुन्या लायब्रऱ्यांच्या आधारावर चालतो. नव्या संगणकावर उभाच राहिना. म्हणून…”

“म्हणून भंगार वापरत होतास.”

“संध्याकाळपर्यंत अहवाल गेला नाही, तर रुग्णालय हातचं जाईल. तेवढ्या लायब्रऱ्या परत बसवा ना.”

“मिळतात का कुठे आता?”

“नाही.”

“मग मी बसवू काय, माझं डोकं?”

नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला हसू लपवता येत नाही.

“नमुने घेऊन ये,” मी म्हणाले. “मोजणीचं गणित मी स्वतः नव्याने लिहिलंय, धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर पडताळलंय. अहवाल वेळेत जाईल. आमच्या नावाने.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“सांग, भंगारातून काढलाय.”

तासाभरात नमुने आले. अहवाल वेळेत गेला आणि पुढच्या महिन्यापासून रुग्णालय थेट आमच्याकडे येऊ लागले.

दिराचे काम अडले, त्याचे कारण असे. दिराचे यंत्र नवे होते, पण त्यावरचे प्रत्येक मापन इंटरनेटवरून, त्याच्या जुन्या खात्यातून आमच्या संगणकावर येत होते आणि इथे गणित होऊन परत जात होते. शनिवारी मी ते खाते आणि त्या गणिताखालच्या लायब्रऱ्या काढून टाकल्या.