न दिसणारा जाळ

मालगाडी पूर्णेकडे निघून गेली आणि चुडावा स्टेशनच्या बाजूच्या रुळावर तो एकच डबा मागे राहिला. लांबट, काळा, गोल टाकीचा डबा. त्याच्या एका चाकाचा आस तापून धूर यायला लागला होता, म्हणून गार्डाने तो इथंच तोडून ठेवला होता. चाक आता थंड झालं होतं, पण टाकीच्या बुडाशी असलेल्या तोटीतून थेंब थेंब गळत होतं आणि वैशाखाच्या उन्हात सगळ्या फलाटावर गोडसर, डोक्यात जाणारा वास भरला होता.

“काय हाय ह्याच्यात, मास्तर?” सांधेवाल्या आश्रुबानं लांबूनच विचारलं.

“मोटारीचं पाणी,” स्टेशनमास्तर व्यंकटराव म्हणाले. “तिकडं तेलंगणात साखर कारखान्यात मळीपासून काढतात. पेट्रोलात मिसळलं की मोटार पळते.”

“म्हंजी दारूच की.”

“दारूच. पण कुणी पिऊ नये म्हणून विष घातलेलं असतं. प्यायला तर डोळे जातील. आणि नुसतं तेवढंच नाही. ये इकडं.”

व्यंकटरावांनी वाटीत थोडी धरून आणली होती. ते ऑफिसच्या पलीकडं, डब्यापासून चांगलं लांब गेले, एका दगडावर ती ओतली आणि काडी ओढून टाकली. आश्रुबा बघत राहिला. काहीच झालं नाही. दगड उन्हात होता तसाच होता.

“इझली की काडी.”

व्यंकटरावांनी एक वाळकं काड दगडावर धरलं. काड आपोआप काळं पडलं, वाकलं आणि गळून गेलं. आश्रुबा दोन पावलं मागं सरकला.

“जळतंय. उन्हात याचा जाळ दिसत नाही,” व्यंकटराव म्हणाले. “पूर्णेला तार केलीय. चार वाजता मिस्त्री येईल. तोवर डब्याजवळ कुणाला फिरकू देऊ नकोस. विडीकाडी तर अजिबात नाही. मला तारेवरून हलता येणार नाही. तुझ्यावर सोपवतोय.”

आश्रुबानं मान हलवली.

आश्रुबा भित्रा होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा धाकटा लेक लांडग्याच्या भीतीनं रेल्वेत गेला, असं त्याचा थोरला भाऊ धोंडीबा चारचौघांत हसत सांगायचा. अकरा वर्षं आश्रुबा रुळांचे सांधे बदलत होता. निजामाचं राज्य गेलं, स्टेशनवरच्या पाटीवरची उर्दू पुसली गेली, साहेब बदलले. आश्रुबा मात्र प्रत्येक गाडीला खटका ओढायचा, सांधा नीट बसला का ते वाकून बघायचा, परत येऊन पुन्हा एकदा वाकून बघायचा. शेवटचा डबा सांध्यावरून जाईपर्यंत तो श्वास धरून उभा राहायचा. अकरा वर्षांत एकही चूक झाली नव्हती. भीती काही कमी झाली नव्हती.

तो झेंडी घेऊन डब्यापाशी उभा राहिला. तोटीखालची खडी ओली झाली होती. कुठं हवा जराशी थरथरली तरी त्याला वाटायचं, पेटलं. उन्हात तर सगळीच हवा थरथरत होती.

बारा वाजायच्या सुमारास धोंडीबा आला. खांद्यावर घोंगडी, हातात रॉकेलचा रिकामा डबा.

“सरकारी दारू सांडायलीय म्हणं!”

“दादा, दारू न्हाई ती. विष हाय. डोळे जातेत.”

“प्यायची कुणाला हाय? मेंढरांची खुरं सडायलीत, त्याला लावतो. आन् रॉकेल तरी कुठं मिळायलंय? चुलीला बी होतंय.”

“चुलीला नगो!” आश्रुबा एकदम ओरडला. “त्याचा जाळ दिसत न्हाई, दादा. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.”

“दिसत न्हाई तो जाळ कसला?” धोंडीबा हसला. “सर बाजूला.”

“दादा, मास्तरचा हुकूम हाय.”

“आन् मी कोण हाय?”

आश्रुबा चाळिशीला आला होता. पण धोंडीबाचा आवाज असा चढला की त्याला आजही लहानपणचा मार आठवायचा. तो बाजूला सरला असं नाही. तो नुसता उभा राहिला, आणि धोंडीबा त्याच्या अंगावरून हात घालून तोटीशी वाकला. तोटी कुरकुरली. रॉकेलच्या डब्यात धार वाजायला लागली. तेवढा वेळ आश्रुबा भावाच्या पाठीकडं न बघता सिग्नलकडं बघत होता.

धोंडीबा डबा घेऊन निघाला. बांधावरून लोक बघतच होते. सांधेवाल्याच्या भावानं नेली म्हटल्यावर रायभान घागर घेऊन आला, त्याच्यामागं आणखी तिघं चरव्या, तांबे घेऊन आले. आश्रुबानं लाल झेंडी आडवी धरली, तर त्यांनी ती हातानं बाजूला केली. त्यातल्या एकाच्या कानावर विडी खोचलेली होती. ती विडी बघितली आणि आश्रुबाच्या तोंडून असा आवाज निघाला की व्यंकटराव ऑफिसातून धावत आले. लोक भरलेली भांडी घेऊन पळाले. दोघांनी मिळून तोटी आवळली.

व्यंकटरावांनी त्याच्याकडं बघितलं. “किती जणांनी नेली?”

“पाच.”

“अरे, घराघरात चुली पेटल्यात! जा. एकेकाकडून ओतून टाकायला लाव. मातीत. उघड्यावर. पळ!”

आश्रुबा पळाला. गाव हाकेच्या अंतरावर होतं. रायभानचं घर वेशीतच लागलं. “डोळे जातेत रे!” एवढंच तो सांगू शकला. त्याचा पांढराफटक चेहरा बघून रायभानच्या आईनंच घागर उचलून उकिरड्यावर पालथी केली. दुसऱ्या घरी हसले, पण ओतलं. तिसऱ्या आणि चौथ्या घरी त्यानं पाय धरले. मोठ्या भावाचं घर त्यानं शेवटी ठेवलं. का ठेवलं ते त्याला कळत होतं. पुन्हा त्या आवाजासमोर उभं राहायचं होतं.

तो गल्लीत वळला तेव्हा धोंडीबाच्या घरासमोर बायका जमल्या होत्या. मधोमध भरउन्हात त्याची भावजय सुगंधाबाई हातवारे करत नाचत होती. स्वतःच्या मांड्यांवर, छातीवर थपडा मारत होती. तोंड वासलेलं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

“अंगात आलंय हिच्या,” भागुबाई नावाची म्हातारी हात जोडून म्हणाली. “हळद-कुंकू आणा गं. कोण हायेस बाई तू? बोल.”

दोघीजणी वाकून नमस्कार करत होत्या. कुठं जाळ नव्हता. धूरही नावापुरता. मग आश्रुबाला दिसलं. सुगंधाबाईच्या लुगड्याला काळं भोक पडलं होतं आणि ते बघता बघता मोठं होत होतं. शेजारी दुसरं. आणि तिच्याभोवतीची हवा थरथरत होती.

त्याचे पाय मागं वळू बघत होते. हे त्यानं पुढं कित्येकदा स्वतःहून सांगितलं. पाय मागं वळत होते आणि तो पुढं जात होता.

दारात धोंडीबाची घोंगडी पडलेली होती. ती उचलून त्यानं सुगंधाबाईला घोंगडीसकट कवटाळलं आणि तिला मातीत पाडलं. बायका किंचाळल्या. देवी आलेल्या बाईला दिराने लोळवलं म्हणून भागुबाईनं त्याच्या पाठीत काठी घातली. त्यानं सोडलं नाही. घोंगडीच्या कडेनं काहीतरी त्याच्या बोटांवर चढत होतं, मनगटापर्यंत येत होतं. तिथं काहीच दिसत नव्हतं. नुसती कातडी पांढरी पडत होती. तो ओरडत होता, “माती टाका! माती टाका गं!” शेवटी भागुबाईलाच लुगड्याचा जळका वास आला आणि तिनं काठी टाकून ओंजळीनं माती ओढायला सुरुवात केली.

ओल्या गोवऱ्या पेटत नव्हत्या म्हणून सुगंधाबाईनं डबा चुलीवर कलता केला होता. मेंढरांकडं गेलेला धोंडीबा परतला तेव्हा दोघांना बैलगाडीत घालून स्टेशनवर नेलं होतं. व्यंकटरावांनी गाडी थांबवून त्यांना परभणीच्या दवाखान्यात धाडलं.

सुगंधाबाई जगली. दीड महिना ती उताणी निजून होती. आश्रुबाचे हात बरे झाले, पण बोटं आत वळली ती वळलीच. खटका त्या बोटांत धरवेना.

पावसाळ्यात चौकशीला वरून दोन साहेब आले. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आश्रुबा. धोंडीबा खिडकीबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

“तोटी पहिल्यांदा कुणी उघडली?”

साहेब, टेबल, कागद, सगळ्याचीच आश्रुबाला भीती वाटत होती.

“राखणीला मी होतो, साहेब.”

“ते विचारलं नाही. उघडली कुणी?”

“मी उभा होतो तिथं,” तो म्हणाला. “मी उभा असताना उघडली. मंग मीच की.”

साहेबांनी दोनदा विचारलं, तो तेच बोलला. व्यंकटराव मान खाली घालून बसले होते. पंधरा दिवसांनी बडतर्फीचा हुकूम आला. आश्रुबानं पितळी बिल्ला आणि दोन्ही झेंड्या परत केल्या आणि बायकोला घेऊन तो भावाकडं राहायला गेला. मेंढरं घेऊन निघताना धोंडीबानं स्वतःची काठी धाकट्याच्या काखेत दिली आणि स्वतः बाभळीची एक फांदी तोडून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात कळप जिंतूरच्या माळावर उतरला होता. माळावर झाड नाही. दुपारी सुगंधाबाई तीन दगड मांडते, काटक्या लावते आणि काडी हातात धरून थांबून राहते. आश्रुबा येतो. तिच्या आणि उन्हाच्या मध्ये उभा राहतो, वळलेली बोटं पोटाशी धरून, आपली सावली बरोबर चुलीवर पडेल असा. मग ती काडी ओढते. दोघंही बघत राहतात. काटक्यांतून पिवळी जीभ वर येते.

“दिसला, भावजी,” ती म्हणते. “बसा आता.”

तो आणखी थोडा वेळ उभाच राहतो.