शून्य बरोबर होतं

अकरा दिवस माझं गणित शून्य देत होतं आणि अकरा दिवस बाबा माझ्याशी बोलत नव्हते.

हेलियमची दोन अणुकेंद्रकं एकमेकांवर धावून येतात, वळतात आणि वळताना डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सांडतात. तो किती, हे मला एकेक प्रोटॉन, एकेक न्यूट्रॉन धरून काढायचं होतं. उत्तर शून्य! प्रोग्राम ओळन्ओळ पिंजून काढला, पण चूक सापडेल तर शपथ.

बाबांचं म्हणाल तर, रागाच्या भरात मी बोलून गेले, "माझ्याकडे एवढा त्रास होतोय तर दादाकडे जा!" बाबा जुने घड्याळजी, प्रत्येक शब्द तंतोतंत धरणारे. त्यांनी लगेच दादाला फोन केला. दादा मला म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच साच्यातले. मी मध्ये पडत नाही बाई, शनिवारी तीनला गाडी घेऊन येतो."

आज शनिवार. दुपारी स्क्रीनसमोरच माझा डोळा लागला. खोलीभर निळसर उजेड तरंगत होता. चार-चार दाण्यांचे दोन घोस संथपणे जवळ येत होते. एकाच्या डोळ्याला बाबांचं भिंग. एक जेवढा इकडे झुकला, तेवढाच दुसरा तिकडे. बेरीज काहीच नाही. भिंगवाला हसून म्हणाला, "अगं, आपण सारखेच की!"

मी दचकून जागी झाले. गाढव आहे मी! दोघं अगदी सारखे असले की गणितातलं पहिलं, मोठं पद उडूनच जातं. शून्य बरोबर होतं. प्रकाश पुढच्या, लहान पदात असतो आणि तिकडे मी बघितलंच नव्हतं. ते पद काढलं. इवलासा आकडा आला, पण आला.

आनंदाने खुर्ची गर्रकन फिरवली आणि थबकले. वर्षानुवर्षं कुरकुरणारी खुर्ची गप्प होती. कधीपासून? वाकून पाहिलं. बैठकीखालच्या दांड्यावर घड्याळाचं पातळ तेल चमकत होतं. मी बाहेर धावले.

खाली दादाचा हॉर्न वाजला. बाबा बॅग घेऊन दाराशी पोचले होते.

"बाबा, चुकलं माझं. जाऊ नका ना."

बाबांनी बॅग खाली ठेवली आणि तिच्यातून तेलाची कुपी काढली.

"दादाला गाडी बंद करायला सांग," ते म्हणाले. "त्याच्या गाडीचं दार कधीपासून करकरतंय."