दगडावरची जन्मतारीख

हितेश वेखंडेच्या स्मारकाचा मजकूर मी लिहावा, असे ग्रामपंचायतीत ठरले, कारण गावात पुस्तके माझ्याकडेच आहेत. पुस्तके असणाऱ्याला लिहिता येते, असा समज आहे. मी तो दूर केला नाही. चौतीस वर्षे शाळेत शिकवूनही मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यामुळे पुष्कळ समज तसेच राहून गेले आहेत.

मजकूर पाच ओळींचा होता. नाव, पलटण, जन्म, वीरमरण आणि खाली 'समस्त ग्रामस्थ'. दगड मुरबाडहून यायचा होता. चार ओळी मी अर्ध्या तासात लिहिल्या आणि जन्मतारखेपाशी आठ दिवस अडलो.

हितेशची जन्मतारीख सगळ्या कागदांवर १ जून २००५ आहे. ती मी ठरवली होती. त्याला शाळेत घातले त्या जूनमध्ये पट एकोणीस होता. वीस झाला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाईल, असे वरून सांगण्यात आले होते. हितेशची बहीण काजल दुसरीत होती. तो रोज तिच्या मागोमाग यायचा, खिचडी खायचा आणि भिंतीशी झोपायचा. त्याला पाच वर्षेही पुरी नव्हती. मी त्याला उठवले, सहा वर्षांचा केले आणि पहिलीत बसवले. जागा वाचली.

वर्गात तो कायम सगळ्यांत लहान. कबड्डीत त्याला कोणी घेत नसे, म्हणून तो एकटा पळू लागला. बारावीनंतर रोज डोळखांबच्या रस्त्याने पळायचा आणि परतताना माझ्या ओट्यावर पाणी प्यायचा. सैन्यभरतीत पहिल्याच खेपेला निवडला गेला. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, तिकडं वाचायला टाइम लय, पन लाइट नाय." मी त्याला एक जाड पुस्तक दिले. ते उशाला बरे पडते, असे त्याने नंतर फोनवर कळवले.

मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली. तिसऱ्या दिवशी तो आघाडीवरच्या माणसांना जेवणाचे डबे नेत असताना तोफगोळा पडला.

"डबे नका लिवू, गुरुजी," सरपंच चंदर म्हणाला. "शत्रूशी झुंजताना, असं लिवा."

मी तसे लिहिले.

तारखेचे गणित मात्र सोपे होते. मी खरे वय लिहिले असते, तर तो वर्षभर मागे राहिला असता, भरतीला वर्षभर उशिरा गेला असता आणि त्या मे महिन्यात कुठल्या तरी मैदानावर कवायत शिकत असता. हे गणित मी अनेकदा मांडून पाहिले. उत्तर बदलत नाही.

नवव्या दिवशी त्याच्या आईकडे, देवकीकडे गेलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी सगळे सांगितले. तिचे सूप थांबले नाही.

"मंजे तुमी त्याला मोठा केलात," ती म्हणाली.

"हो."

"आनि तो गेला."

"हो."

ती बराच वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "सरका जरा. नाचनीत पानी पडल." मी रडत होतो हे मला तोवर कळले नव्हते.

"मी माफी मागायला आलोय."

"ती काय मला जमायची नाय. दगडावर खरी तारीख घाला. झेंडा झाला न दोन दिवसांनी झाला तो. सतरा ऑगस्ट, दोन हजार सहा. चंदर भाषणात 'वीस वर्षांचा वीर, वीस वर्षांचा वीर' म्हनतो. पोटातले नऊ महिने धरून मोजलं तरी वीस होत नाय."

ग्रामसभेत चंदर ऐकेना. "आधार, दाखला, लष्कराचा कागद, सगळीकडं एक जून. दगड बघून वरनं चौकशी आली मंजे? आनि सव्वीस जानेवारीला पडदा काढायला साहेब येनार, त्यांनी वाचलं तर?"

"साहेब तारखा नाय वाचत रे," मागून रघू म्हणाला. "साहेब स्वतःचं नाव वाचतो."

लोक हसले. देवकी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी उभा राहिलो. "ती तारीख खोटी आहे. पट भरायला मी लिहिली. चौकशी आली तर माझ्याकडे पाठवा."

आवाज इतका बारीक आला, की चंदरने "काय?" म्हणून विचारले आणि मला सगळे पुन्हा सांगावे लागले. दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेले. चंदरने कागदावरची तारीख खोडली.

सव्वीस जानेवारीला दगडावरचा पडदा निघाला. साहेबांनी हार घातला आणि भाषण सुरू केले. पुढे बसलेल्या बायका दगड वाचत होत्या. काही जणी बोटांवर मोजू लागल्या. त्यांच्यातल्या अनिताचा प्रज्वल हितेशच्याच वर्गातला. सध्या तो कल्याणला कॉलेजात जातो. तिने दोनदा मोजले.

"अगो देवकी," ती म्हणाली, "माझ्या प्रज्वलपेक्षा लहान होता गो."

"होता," देवकी म्हणाली.