गहाळ खड्ड्यांची तक्रार

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा आसपासच्या दातांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. घरातल्या सामानाची मात्र त्या दिवसापासून पाचावर धारण बसली.

उभं आयुष्य ज्याने लोकांच्या तोंडातले खड्डे शोधण्यात घालवलं, तो माणूस निवृत्त होतो. त्याचे डोळे होत नाहीत. कपाचा टवका, चौकटीतलं खिळ्याचं भोक, पोळपाटाची चीर, डॉक्टरांना सगळं दिसायचं आणि दिसलं की हात शिवशिवायचे. मेण, राळ आणि रंग यांचं एक मिश्रण त्यांनी स्वयंपाकघरात शिजवून तयार केलं होतं. ज्या पातेल्यात ते शिजलं, त्या पातेल्याबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही.

"हा माणूस एक दिवस चाळणीची भोकं बुजवणार," असं काकू म्हणाल्या आणि त्यांनी उपाय शोधला. काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. सगळा शेजार त्यांना काकूच म्हणायचा. त्यांनी जुन्या वस्तू घेऊन ऑनलाइन विकायला सुरुवात केली. पहिला गेला दवाखान्यातला बाक, ज्याच्यावर बसून लोकांनी देवाचं नाव घेतलं होतं. मग ओळखीपाळखीतून, भंगारवाल्यांकडून टेबलं, कपाटं, दिवे येऊ लागले. फोटो काकूंनी काढायचा, वर्णन काकूंनी लिहायचं, डागडुजी आणि बांधाबांध डॉक्टरांनी करायची. नियम एकच. फोटो काढला की वस्तूला हात लावायचा नाही.

"काय सुधारणा करायच्यात त्या फोटोच्या आधी," काकूंनी बजावलं होतं. "गिऱ्हाईक फोटो बघून घेतं. फोटोत दिसतं तसंच त्याच्या दारात उतरलं पाहिजे."

नियम साधा होता. डॉक्टरांनी तो मान्यही केला होता. पथ्य पाळीन असं पेशंट कबूल करतो, तसा.

मग ती खुर्ची आली. सागवानी आरामखुर्ची, अंगाने धडधाकट, फक्त उजव्या हाताच्या टोकाला खोल खड्डे. काकूंनी त्या खड्ड्यांचा जवळून फोटो काढला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'उजव्या हातावर कुत्र्याने चावल्याच्या खुणा आहेत. किंमत त्या मानाने कमी ठेवली आहे.' खुर्ची त्याच संध्याकाळी विकली गेली. इतक्या लवकर त्यांची एकही वस्तू गेली नव्हती. काकूंनी वर्णनाचं कौतुक करून घेतलं आणि त्या बहिणीकडे गेल्या.

डॉक्टर खुर्ची बांधायला बसले. खड्डे बघितले. सुळे ओळखले, पुढचे दात ओळखले, जबडा जुळतोय याचं समाधान मानलं. लाकडाला कीड नव्हती, त्यामुळे कोरायची गरज पडली नाही. त्यांनी नुसतं भरलं, घासलं, वरून पॉलिश मारलं. हात इतका गुळगुळीत झाला की त्यांनी स्वतःच दोनदा त्यावरून बोटं फिरवली. एवढं सुबक फिलिंग त्यांनी माणसाच्या तोंडात कधी केलं नव्हतं, कारण माणूस मधेच हात धरतो. बिचारं गिऱ्हाईक किती खूश होईल, या विचाराने त्यांनी काकूंना काही सांगितलं नाही. पुण्य गुपचूप करावं म्हणतात.

आठवड्याभराने, सकाळच्या चहाला, काकूंनी फोनवरून डोळे न उचलता सांगितलं, "अहो, खुर्चीची तक्रार आलीय."

"पाय मोडला?"

"नाही. 'भाग गहाळ' यावर खूण केलीय."

"खुर्चीला गहाळ व्हायला असतं काय? चार पाय, दोन हात. माणसापेक्षा दोनच पाय जास्त."

"खाली लिहिलंय," काकूंनी चष्मा सारखा केला, "'फोटोत दाखवलेले खड्डे मिळाले नाहीत.'"

डॉक्टरांनी चहात बुडवलेलं बिस्कीट बुडालंच.

"आणि अ‍ॅपवाल्यांचं उत्तरही आलंय. 'विक्रेत्याने गहाळ भाग त्वरित पाठवावा. अन्यथा तो पाठवल्याचा पुरावा सादर करावा.'" काकूंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "भरलेत."

हा प्रश्न नव्हता.

"भरले," डॉक्टर म्हणाले.

"फोटोनंतर."

"अगं, पण फुकट भरले. एक पैसा लावला नाही."

"गिऱ्हाइकाने मागितलं होतं?"

"दात किडलेला माणूस कधी मागतो का? त्याला धरून आणावं लागतं."

"खुर्चीला कोण धरून आणतंय?"

डॉक्टर रागावले. वही-पेन घेऊन त्यांनी उत्तराचा मसुदा केला. 'सदर खड्डे हा वस्तूचा भाग नसून वस्तूचा अभाव आहे. जो मुळात अभावच आहे, तो गहाळ कसा होईल? अभाव गहाळ झाल्यास वस्तू पूर्ण होते, आणि पूर्ण वस्तूबद्दल तक्रार करणे हे...' इथे ते योग्य शब्दासाठी थांबले, तेवढ्यात काकूंनी कागद ओढून वाचला.

"बिनतोड आहे," त्या म्हणाल्या. "असल्या बिनतोड बोलण्यानेच माणसं तुटतात. मी फोन करते."

काकूंनी फोन स्पीकरवर टाकला. उचलणाऱ्या बाईच्या मागे इंजिनं घरघरत होती. "काकू, मी बस चालवते. आत्ता डेपोत आहे, गाडी सुटायच्या आत बोलून घेते. मला एकच सांगा, तुम्ही खुर्ची बदलली का? खरं सांगा. मी भांडणार नाही."

"बदलली नाही गं. तीच आहे. आमच्या घरात एक डॉक्टर आहेत, त्यांनी खड्डे बुजवले."

मग ती बोलायला लागली. खुर्ची तिच्या वडिलांची. ते कंडक्टर होते. आता डोळे पूर्ण गेलेत. जिने चढायला नकोत म्हणून तिने तळमजल्यावरचं लहान घर घेतलं, आणि सामान कमी करताना जुनी खुर्ची देऊन टाकली. वडिलांना म्हणाली, पॉलिशला दिलीय. वाटलं, नवी गादीची आणली की विसरतील. ते विसरले नाहीत. रोज विचारायचे, झालं का पॉलिश? मग ती अ‍ॅपवर शोधत बसायची. एक दिवस फोटोत वकिलाचे दात दिसले.

"वकिलाचे?" डॉक्टरांनी लांबून विचारलं.

"आमचा कुत्रा होता. समोरच्याचं भुंकणं पूर्ण होऊ द्यायचा नाही, म्हणून वकील." ती थांबली. "खुर्ची आली. बाबांनी हात फिरवला आणि म्हणाले, ही ती नव्हे. दुसरी आणून गळ्यात मारतेस. तेव्हापासून त्यांचा माझ्या कशावरच विश्वास नाही, काकू. गोळी दिली की विचारतात, हीच का ती? दूध दिलं की विचारतात, आजचं का? ज्याला दिसत नाही त्याने घरच्या माणसाच्या शब्दावर नाही तर कशावर जगायचं? मला पैसे परत नकोत. मला ते खड्डे हवेत."

बस सुटायची घंटा झाली. फोन बंद झाला.

डॉक्टरांनी आपल्या मसुद्याची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. त्याचा तेवढा उपयोग झाला.

"कोरलं नव्हतं मी," ते म्हणाले. "नुसतं भरलंय. भरलेलं काढता येतं."

"येईल ना नक्की?"

"येईल. पण अगं, काय फिलिंग झालं होतं ते!"

"माहितीय," काकू जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "बॅग काढा. मीही येते. पेशंट पळाला तर धरायला कुणीतरी हवं."

संध्याकाळी ड्रायव्हरबाईंनी दार उघडलं. गणवेश अजून अंगावरच होता. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, सुंदर, चकचकीत आणि रिकामी. म्हातारबुवा तिच्यापासून तोंड फिरवून पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते.

"दारात उभं राहू नका," ते म्हणाले. "पुढे सरका. दोघं आहेत. एक बाईमाणूस."

दोघं निमूटपणे पुढे सरकले.

"बाबा, खुर्ची यांच्याकडूनच..."

"आता तिसरी आणली का?"

"तिसरी नाही," डॉक्टर म्हणाले. "ही तुमचीच आहे. खड्डे मी बुजवले. तुमच्या मुलीचा त्यात हात नाही."

"तुम्ही कोण? पॉलिशवाले?"

"दातांचा डॉक्टर."

म्हातारबुवांनी यावर नीट विचार केला. "दातांच्या डॉक्टरचा खुर्चीशी काय संबंध?"

"हेच मी विचारतेय," काकू म्हणाल्या.

"पढवून आणलंय तुम्हाला पोरीने."

"माझ्यावर ठेवू नका विश्वास," डॉक्टर म्हणाले. "मी काम करतो. मग तुम्ही हात लावून बघा."

"आणि तुम्ही नवे खड्डे पाडून जुने म्हणून दाखवलेत तर?"

ड्रायव्हरबाईंनी भिंतीला पाठ टेकली. दिवसभर एवढी मोठी बस गर्दीतून काढणारी बाई, पण आता तिला उभं राहायला भिंत लागत होती.

डॉक्टरांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, बॅग उघडली. कितीतरी दिवसांनी अवजारं हातात आली. टोकाला चमच्यासारखी वाकलेली सळई त्यांनी गरम पाण्यात बुडवून मेणात घातली आणि सवयीने विचारलं, "दुखतंय का?"

खुर्ची काही बोलली नाही. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

मेणाचे तपकिरी कण कागदावर पडत गेले. स्वतःच्या हाताने केलेलं चांगलं काम स्वतःच्या हाताने उकरायचं. लेखकाला पुस्तकाची रद्दी विकताना जे होतं, तेच डॉक्टरांना होत होतं. पण जुन्या लाकडाला धक्का लागू नये म्हणून ते श्वास धरून काम करत होते. फोटो समोर धरून त्यांनी एकेक खड्डा ताडून पाहिला.

"बघा आता."

म्हातारबुवा चाचपडत आले. अंगठा खड्ड्यांवरून फिरला, थांबला, परत फिरला.

"वरचे आहेत," ते म्हणाले. "ते काय, फोटो बघून कुणीही पाडेल. खालचा कुठाय?"

"खालचा?"

"हाताच्या खालच्या अंगाला. वकील मान वाकडी करून चावायचा. अंगठा वर ठेवला की मधलं बोट खाली बसायचं. तो कुठाय?"

ड्रायव्हरबाईंनी फोटो पाहिला. फोटोत खालचं अंग नव्हतंच. डॉक्टरांनी खाली बोट फिरवलं. गुळगुळीत. कुत्र्याला खालचा जबडाही असतो हे दातांच्या डॉक्टरला कुणी सांगायला नको होतं, आणि खुर्ची उलटी करून आपण काहीतरी केलं होतं, हेही अंधूक आठवत होतं. पण कुठे? काम इतकं सुबक झालं होतं की खुद्द करणाऱ्यालाच सापडेना.

"नाहीये ना?" म्हातारबुवा म्हणाले आणि हात काढून घेऊ लागले.

"थांबा. हात तिथेच ठेवा." डॉक्टर गुडघ्यांवर बसले, वाकले, जवळजवळ आडवे झाले. बॅगेतला छोटा गोल आरसा काढून त्यांनी तो खालून धरला. काकूंनी न सांगता फोनचा उजेड पाडला. आरशात लाकूड, लाकूड, लाकूड, आणि एका जागी लाकडापेक्षा किंचित पिवळा ठिपका.

"सापडला," डॉक्टर म्हणाले. पेशंटच्या दाढा बघूनही त्यांना इतका आनंद कधी झाला नव्हता.

मेण निघालं. म्हातारबुवांचं मधलं बोट आपसूक वर गेलं आणि आत बसलं. अंगठा वर, बोट खाली. मग ते सावकाश खुर्चीत टेकले.



"फार मारलं होतं मी त्याला तेव्हा," म्हातारबुवा म्हणाले. "नवी खुर्ची होती ना." आणि थोड्या वेळाने, "पॉलिश बरं झालंय."

ड्रायव्हरबाई पुढे आली. "बाबा, पॉलिशला नव्हती दिली. मी भंगारवाल्याला दिली होती."

"माहितीय. डोळे गेलेत, कान आहेत. पॉलिशवाला कधी तराजू घेऊन येतो का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो." त्यांनी मान मागे टेकवली. "चहा टाक सगळ्यांना. दूध आजचं आहे?" ती उत्तर द्यायच्या आत त्यांनी मोकळा हात हलवला. "असेलच. टाक."

ती आत गेली. चहाला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात फोन होता. "काकू, तक्रार बंद करतेय. 'गहाळ भाग मिळाला' असं लिहिलं. आता विचारतंय, भाग कोणत्या स्थितीत मिळाला? नवीन, वापरलेला की खराब?"

"वापरलेला," डॉक्टर, काकू आणि म्हातारबुवा एकदम म्हणाले.

डॉक्टरांनी अवजारं पुसली आणि बॅग बंद करत उठले, तोच खुर्चीतून आवाज आला.

"डॉक्टर, जरा पुढे सरका. तुम्ही आलाच आहात तर एक विचारतो." म्हातारबुवांनी उजवा हात खड्ड्यांवरून न हलवता डाव्या हाताने गाल दाबला. "ही मागची दाढ. बरेच दिवस झाले, पोरीला सांगितलं नव्हतं. ही मात्र बुजवायची असली तर बुजवा."

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

"बघताय काय?" काकू म्हणाल्या. "याचा अजून फोटो काढलेला नाही."