शेकलेला हात

ताप नव्हताच म्हणून मी डॉक्टरशी भांडली, तेही साऱ्या वॉर्डासमोर! बाळंतीण माही सून, गोपिका. दहा दिवस तिची सेवा मी केली, अन् हे कालचं पोट्टं मले सांगते, ताप पाचव्या दिवसापासून असेल म्हणे!

"रक्तात जंतू झालाय, आजी. असा जंतू आम्ही इथे कधी पाहिला नाही."

"मंग आला कुठून? नाळ कापाले नवं ब्लेड आणलं, उकळून घेतलं. दाईले दोनदा साबणानं हात धुवायले लावले."

"तेच आम्हालाही कळत नाही," तो म्हणाला. घ्या! एवढ्या शिकलेल्याले कळत नाही, तं मले काय कपाळ कळन?

गोपिका डोळे मिटून बरळून राहिली होती. नवीन इंजेक्शन सुरू केलं होतं. ते लागू पडलं तं वाचन, नाही तं काही खरं नाही, असं त्यायनं चंद्रभानले साफ सांगितलं होतं. चंद्रभान म्हणजे माहा पोरगा. भिंतीले टेकून उभा होता बिचारा, कुहीहून हिले घेऊन आल्यापासून पोटात अन्न नाही.

सिंधूताई नर्सनं मले बाजूले घेतलं. "घरी ताप कसा पाहत होत्या, आजी?"

"हात लावून, दुसरं काय? शेगडीवर हात तापवून लेकराले शेको, अन् मंग तोच हात हिच्या कपाळाले लावो. अंग नेहमीसारखंच लागे. हिले हुडहुडी भरे, तं बाजेखाली शेगडीतले अजून पेटते इंगळ सारो."

माहा हात धरून सिंधूताईनं गोपिकाच्या कपाळावर ठेवला. अवं माय! चटकाच बसला. इथं शेगडी नव्हती, माहा हात थंडगार होता. तापलेल्या हाताले तापलेलं कपाळ काय लागन? एवढी साधी गोष्ट, अन् मले पाच दिवस समजली नाही! जंतू कुठून आला ते अजूनही कोणाले समजलं नाही, पण ताप तं माह्या हाताखालीच होता.

तिसऱ्या दिवशी गोपिकाले घाम फुटला. दुपारी तिनं डोळे उघडले, लेकराले इचारलं, अन् मंग माह्याकडं पाहिलं.

"आत्याबाई, घरी चला ना. तुमच्या शेकानं लय बरं वाटे मले."

चंद्रभान इतक्या दिवसांनी हासला. मी "हो वं माय" म्हणली, अन् व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडली.